पुरुषी दिसणं आणि पुरुषी वागणं

एकाच संध्याकाळी दोन वाक्यं ऐकली, ती अजून डोक्यातून जात नाहीत. आमच्या एलजीबीटी समुदायातल्या लोकांची बैठक होती, खुर्च्या गोलात मांडलेल्या. शेजारच्या बाईनं माझ्या शर्टाच्या दुमडलेल्या बाह्यांकडे पाहिलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "तू इतकी पुरुषी का राहतेस गं? ज्यांच्यापासून सुटायला आपण इथं येतो, त्यांचंच सोंग कशाला घ्यायचं?" बैठक संपल्यावर जिन्यात एक तरुण मुलगा भेटला. त्यानं फोन माझ्यापुढं धरला. डेटिंग ॲपवर कुणीतरी त्याला लिहिलं होतं, 'फोटो छान आहे, पण बोलायला लागलास की बायकी वाटतोस. सॉरी.' फोन खिशात टाकत तो म्हणाला, "ताई, आवाज बदलता येतो का हो?"

मला पुरुषीपणा जास्त झाला होता, त्याला कमी पडला होता. आणि आम्हा दोघांना मापात बसवायला निघालेले लोक परके नव्हते. आमचेच होते.

गेली कित्येक वर्षं मी या समुदायात वावरते आहे, आणि माझं स्पष्ट मत झालं आहे की पुरुषीपणाच्या बाबतीत आपण सगळेच एका जुन्या गल्लतीत अडकलो आहोत. पुरुषी दिसणं, चालणं, बोलणं ही एक गोष्ट. दुसऱ्यावर हुकमत गाजवणं ही दुसरी. या दोन्हींची आपण मोट बांधून टाकली आहे. ज्याला हुकमतीचा मोह आहे तो त्या दिसण्याची पूजा करतो. ज्याला हुकमतीची चीड आहे तो त्या दिसण्याचाच दुस्वास करतो. वागणूक तपासायची मात्र राहूनच जाते.

आपली भाषाही या गल्लतीला हातभार लावते. 'पुरुषी' हे विशेषण मराठीत एकटं फारसं येत नाही, त्याच्या मागून अहंकार नाहीतर वर्चस्व येतंच. पुरुषाचं कौतुक करायचं असेल तर आपण त्याला पुरुषी म्हणत नाही. रुबाबदार म्हणतो, रांगडा म्हणतो. बाईनं पराक्रम केला तर ती मर्दानी. तीच बाई केस बारीक कापून, खिशात हात घालून नुसती उभी राहिली तर पुरुषी. आणि पुरुषासाठी 'बायकी' आणि 'बायल्या' हे जे शब्द आहेत, त्यांना तर चांगला अर्थच ठेवलेला नाही. असे शब्द घेऊन आपण समुदायात येतो आणि एकमेकांना तेच लावतो.

समलिंगी पुरुषांमधला हा वाद काही ॲपमुळे सुरू झालेला नाही. तो चळवळीइतकाच जुना आहे. १८६० च्या दशकात कार्ल हाइनरिश उलरिक्स या जर्मन कायदेतज्ज्ञानं समलिंगी पुरुषांची बाजू मांडायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं सूत्र होतं: पुरुषाच्या देहात कोंडलेला बाईचा आत्मा. त्या काळात असं लिहायला छाती लागत होती. हा निसर्गाचाच एक प्रकार आहे, यात गुन्हा कसला, हे त्याला सांगायचं होतं. पुढे १८९७ साली माग्नुस हिर्शफेल्ड यांनी बर्लिनमध्ये समिती स्थापन करून पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा बदलण्यासाठी सह्या गोळा केल्या, तेही पुरुष आणि स्त्री यांच्या मधल्या पायऱ्यांची कल्पना घेऊनच. पण त्याच शहरात आडोल्फ ब्रांड आणि त्यांच्या मंडळींना 'बाईचा आत्मा' हा शब्दप्रयोग झोंबत होता. १९०३ साली त्यांनी आपला वेगळा संघ काढला. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष हा उलट जास्तच पुरुष असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या लेखनात प्राचीन ग्रीसचे योद्धे आहेत, पुरुषांच्या मैत्रीचे गोडवे आहेत, आणि बायकांविषयीची उघड तुच्छताही आहे. मला ही शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. 'आम्ही बायकी नाही' हे सिद्ध करायला निघालेला माणूस बाईपणाला कमी लेखल्याशिवाय पुढं जाऊच शकत नाही, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

तरीही त्या ओढीमागची वेदना मी नाकारणार नाही. फिनलंडचा चित्रकार टौको लाक्सोनेन जगाला 'टॉम ऑफ फिनलंड' या नावानं माहीत आहे. १९५७ साली त्याची चित्रं एका अमेरिकी मासिकात छापून आली. लाकडाचे ओंडके वाहणारे कामगार, खलाशी, मोटरसायकलवाले. रुंद खांदे, कातडी जॅकेटं, आणि चेहऱ्यावर मोकळं हसू. त्या हसण्याचं मोल आज सहज कळणार नाही. तोवर समलिंगी पुरुष म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढं आजारी, भेदरलेला, दुबळा माणूस उभा राहायचा. ही चित्रं पाहून कितीतरी जणांना पहिल्यांदा वाटलं असेल की आपणही ताठ मानेनं जगू शकतो.

पण सुटकेची वाट म्हणून सुरू झालेली गोष्ट बघता बघता नियम होऊन बसते. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो वस्तीत मिशी, तंग जीन्स आणि चौकड्यांचा शर्ट हा जणू गणवेशच झाला. अशा पुरुषांना 'क्लोन', म्हणजे एकमेकांची हुबेहूब प्रत, हेच नाव पडलं. १९८० च्या दशकात जाडजूड, केसाळ पुरुषांनी 'बेअर', म्हणजे अस्वल, म्हणून स्वतःची जागा केली, कारण घोटीव शरीराच्या त्या मापात ते बसत नव्हते. मग बेअर मंडळींमध्येही कोण खरा रांगडा आणि कोण नाही याची मोजमापं सुरू झाली. २००९ मध्ये ग्राइंडर हे समलिंगी पुरुषांचं डेटिंग ॲप आलं आणि हीच मोजमापं फोनच्या पडद्यावर चार शब्दांत उतरली: 'मास्क फॉर मास्क', 'नो फेम्स', म्हणजे पुरुषीला पुरुषीच हवा, बायकी नको. हे इतकं बोकाळलं की २०१८ मध्ये त्या कंपनीलाच वंशद्वेष आणि बायकीपणाची हेटाळणी यांच्याविरुद्ध मोहीम काढावी लागली.

इथं हमखास एक उत्तर मिळतं, 'आवड ती आवड, ती काय लादता येते?' नाही येत. कुणाला कोण आवडावं हे ठरवायचा मला काडीचा अधिकार नाही. पण 'मला दाढीवाले पुरुष आवडतात' असं लिहिणारा स्वतःबद्दल सांगतो, आणि 'बायकी लोकांनी मेसेज करू नये' असं लिहिणारा दारावर पाटी लावतो. ती पाटी फक्त ज्याला नाकारलं तोच वाचतो असं नाही. नुकताच आलेला, घरी काही न सांगितलेला अठरा वर्षांचा मुलगाही ती वाचतो आणि आरशासमोर हात कसे हलवायचे नाहीत याचा सराव करतो. बाहेरच्या जगात जो मार त्याला चुकवता आला नाही, त्या माराची कारणं त्याला इथंही तशीच्या तशी ऐकवली जातात. ज्यांना लपता येत नव्हतं त्यांनीच पहिले फटके खाल्ले. जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली तेव्हा रस्त्यावर राहणारी बायकी पोरं, ड्रॅग क्वीन, म्हणजे बायकांच्या वेशात कार्यक्रम करणारे पुरुष, आणि जन्माच्या वेळी मुलगा ठरवल्या गेलेल्या ट्रान्स बायका पुढच्या रांगेत होत्या. त्या रात्रीचा वारसा सांगायचा आणि त्याच पोरांना 'सॉरी' लिहायचं, हे मला पटत नाही.

उलट बाजूचा अन्यायही नोंदवायला हवा. काही समलिंगी पुरुष उपजतच भारदस्त आवाजाचे, कमी बोलणारे, मैदानी खेळात रमणारे असतात. त्यांच्याकडे 'हा लपवतोय' अशा नजरेनं पाहिलं जातं. माझा एक मित्र असा आहे. त्यानं आईबापांना, कचेरीत, सगळीकडे उघड सांगितलेलं आहे, तरी समुदायात त्याला वर्षानुवर्षं विचारतात, "आता तरी मोकळा हो की!" तो मोकळाच आहे. तो असाच आहे.

बायकांकडे वळते, कारण तिथं चित्र उलटं आहे आणि मला ते जास्त जवळून माहीत आहे.

१८६३ साली सॅन फ्रान्सिस्को शहरानं एक नियम केला: आपल्या लिंगाचा नसलेला पोशाख घालून कुणी सार्वजनिक जागी दिसता कामा नये. तो १९७४ साली रद्द झाला. म्हणजे एकशे अकरा वर्षं पँट-शर्ट घातलेली बाई त्या शहरात कायद्याच्या कचाट्यात सापडू शकत होती. त्याच शहरात १९५५ साली 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' ही लेस्बियन बायकांची संघटना स्थापन झाली. एवढ्या जाचात संघटना उभी करणाऱ्या त्या बायकांबद्दल मला फार आदर आहे. पण त्यांच्या उद्दिष्टांतच लिहिलेलं होतं की समाजाला मान्य होईल असं वागणं आणि असा पोशाख यांचा पुरस्कार करावा. शर्ट घालणाऱ्या बाईनं काय करायचं? १९६५ पासून १९६९ पर्यंत दर चार जुलैला फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलसमोर समलिंगींच्या हक्कांसाठी निदर्शनं होत. पुरुषांनी कोट-टाय, बायकांनी झगे, असा दंडक होता. हेतू समजतो: नोकरीवरून काढून टाकलेल्या माणसांना दाखवायचं होतं की आम्ही नोकरी देण्याजोगे आहोत. पण त्या रांगेत झग्यात उभी राहिलेली एखादी बुच बाई, म्हणजे पुरुषी राहणीची लेस्बियन, माझ्या डोळ्यांपुढं येते. आपल्या हक्कासाठी उभी, आणि अंगावर दुसऱ्याचे कपडे.

झग्याच्या दंडकापासून दूर, कामगार वस्त्यांतल्या बारमध्ये, वेगळंच जग होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातल्या अशा बायकांच्या आठवणी दोन संशोधिकांनी वर्षानुवर्षं बसून नोंदवल्या. १९४० आणि ५० च्या दशकांत तिथं बुच आणि फेम, म्हणजे बायकांच्या नेहमीच्या पेहरावात राहणारी लेस्बियन, अशा जोड्या उघडपणे वावरत. बुच बाई लांबून ओळखू यायची, म्हणून मारामारी झाली की ती पुढं असायची, आणि त्यामुळंच इतर बायकांना बसायला जागा राहायची. मग १९७० चं दशक आलं. स्त्रीवादी विचारांनी भारलेल्या लेस्बियन बायका म्हणू लागल्या की बुच-फेम म्हणजे नवरा-बायकोची नक्कल, पितृसत्तेची शिळी सावली. ज्यांनी मार खाऊन जागा राखली होती त्यांनाच त्या जागेत अवघडल्यासारखं झालं. जोन नेसल या लेखिकेनं १९८१ साली त्याला ठाम उत्तर दिलं. ती स्वतः फेम. ५० च्या दशकातल्या त्या जोड्या म्हणजे धैर्य होतं, नक्कल नव्हे, असं तिनं स्वतःच्या आयुष्याच्या आधारानं लिहिलं. गंमत म्हणून नाही, फार गांभीर्यानं सांगते: बुच बाईच्या बाजूनं सगळ्यात चांगलं कुणी लिहिलं असेल तर ते तिच्यावर प्रेम करणाऱ्या बाईनं.

मला स्टॉर्मे डेलार्व्हरी आठवते. १९५५ ते १९६९ या काळात ती 'ज्युएल बॉक्स रेव्ह्यू' या फिरत्या कार्यक्रमाची सूत्रसंचालक होती. पंचवीस पुरुष आणि एक मुलगी, अशी त्याची जाहिरात असे. पुरुष बायकांच्या वेशात आणि ती एकटी कोट-टायमध्ये. पुढे म्हातारपणी, ऐंशी उलटल्यावरही, ती न्यूयॉर्कच्या लेस्बियन बारांच्या आसपासच्या रस्त्यांवर रात्री गस्त घालायची. कुणी पोरींना त्रास देतंय का, धमकावतंय का, हे बघत फिरायची. उंच, रुंद, पुरुषी बाई. तिला पाहून पोरींना धीर यायचा. पितृसत्तेची सावली म्हणायचं ते हिला?

आता माझ्याबद्दल. बायकांच्या स्वच्छतागृहात शिरण्याआधी मी दारातच खोकते, नाहीतर फोन कानाला लावून मोठ्यानं 'हो गं, आले गं' म्हणते. फोनवर कुणी नसतं. आतल्या बाईनं मला पाहून दचकायच्या आधी माझा आवाज तिच्या कानावर पडावा, एवढ्यासाठी. ही सवय इतकी मुरली आहे की घरीसुद्धा बाथरूमच्या दाराशी खोकला येतो. माझ्या शर्टाला बाहेर सत्तेचा वास येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या दाराशी एकदा माझ्यासोबत उभं राहावं.

पण सगळा दोष समोरच्याचाच, असं म्हटलं तर ते खोटं होईल. काही वर्षांपूर्वी घरी पाहुणे आले होते. बोलता बोलता मी माझ्या जोडीदाराचं वाक्य तिसऱ्यांदा तोडलं. ती गप्प बसली. रात्री अंथरूण घालताना म्हणाली, "तुझा शर्ट मला आवडतो. हे आवडत नाही." एवढंच. मला काय लागलं असेल तर ते याचं, की 'हे' मी शर्टाबरोबरच उचललं होतं आणि मला कळलंही नव्हतं. कुठल्याशा काकाचं, मामाचं बोलणं तोडणं माझ्या तोंडात येऊन बसलं होतं. शेजारच्या खुर्चीतल्या बाईचा प्रश्न याच्याबद्दल असता तर मी मान खाली घालून ऐकला असता. तिनं बाह्यांबद्दल विचारलं.

ऑस्ट्रेलियाच्या समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी १९८० च्या दशकापासून हेच मांडलं की पुरुषत्व एकच नसतं. अनेक असतात, त्यांच्यातही उतरंड असते, आणि वरच्या पायरीवरचं पुरुषत्व स्त्रियांनाच नव्हे तर खालच्या पुरुषांनाही दाबून ठेवतं. जॅक हॅल्बरस्टॅम यांनी १९९८ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: पुरुषी असणं हे पुरुषाच्या देहाला बांधलेलं नाही, बायकांचं स्वतःचं पुरुषीपण आहे आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे. मला हे वाचून कुणीतरी माझ्या कपाटाची किल्ली माझ्याच हातात दिल्यासारखं वाटलं होतं.

माझा सगळ्यात जुना मित्र ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी ठरवला गेलेला पुरुष. आम्ही दोघं एकाच न्हाव्याकडे केस कापायचो, एकमेकांचे शर्ट घालायचो. तेव्हा तोही 'मी येते' म्हणायचा. एके दिवशी फोनवर म्हणाला, "मी येतो." मराठीत क्रियापद लपू देत नाही, दोन अक्षरांत माणूस स्वतःला उघड करतो. मी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ये." त्यानंतर आम्हा दोघांनाही समुदायातच दोन बाजूंनी ढकललं गेलं. मला सांगण्यात आलं, "तूही आतून तोच आहेस, अजून कबूल करत नाहीस." त्याला सांगण्यात आलं, "बाई म्हणून लढायचं सोडून पळालास." मी बाई आहे. मला ते कुणाला पटवून द्यायची गरज नाही, आणि त्यालाही पुरुष असल्याचा दाखला काढायची गरज नाही. आमचे शर्ट सारखे होते, आमची उत्तरं वेगळी निघाली. एकाचं उत्तर खरं ठरायला दुसऱ्याचं खोटं ठरावं लागत नाही.

उपचार करणाऱ्यांनीही एके काळी हेच केलं. लू सलिव्हन हा अमेरिकी ट्रान्स पुरुष. त्याला पुरुष आवडायचे. लिंगबदलाच्या उपचार केंद्रांनी त्याला परत पाठवलं, कारण खरा ट्रान्स पुरुष म्हणजे बाईवर प्रेम करणारा, असं त्यांचं गणित होतं. त्यानं पत्रं लिहिली, वाद घातला, अखेर उपचार मिळवले, आणि १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोत ट्रान्स पुरुषांचा गट सुरू केला. त्याच सुमारास त्याला एचआयव्हीचं निदान झालं. समलिंगी पुरुष म्हणून जगू देणार नाही म्हणाले, पण मरणार मी समलिंगी पुरुष म्हणूनच, अशा अर्थाचं तो म्हणत असे. १९९१ मध्ये तो गेला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

माझा मित्र मला एक गोष्ट सांगतो, तिनं माझी मांडणी थोडी अवघड होते. टेस्टोस्टेरॉन या हार्मोनच्या उपचारानं त्याचा आवाज उतरला तसं कचेरीत लोक त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायला लागले. त्यानं काही मागितलं नव्हतं. लोकांनी आपण होऊन दिलं. आणि रात्री रस्त्यावर पुढं चाललेली बाई त्याची चाहूल लागली की पाय उचलते. तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जातो. म्हणजे दिसणं आणि हुकमत वेगळी असली तरी जग ती एकत्र हातात ठेवतं. ती घ्यायची की बाजूला ठेवायची हे मात्र रोज ठरवावं लागतं. तो बैठकांमध्ये मुद्दाम शेवटी बोलतो. हे मी त्याच्याकडून शिकले.

म्हणून समुदायात जे आपल्या हाती आहे त्याबद्दल मी आग्रही आहे. बैठकीत कोण किती वेळ बोलतं, कुणाचं वाक्य कोण तोडतं, मार खाऊन आलेल्याला रात्री कोण घरी सोडायला जातं, याची विचारपूस करा. बाह्या, दाढी, मनगटाची हालचाल, आवाजाची पट्टी यांची करू नका. विशीतलं एक पोर मध्यंतरी आमच्या गोलात पहिल्यांदाच बोलायला उठलं आणि म्हणालं, "मी मागच्या वेळी पण आलो होते." कुणीतरी लगेच टोकलं, "आलो होतो की आले होते?" पोर खाली बसलं. ते वाक्य जसं होतं तसंच बरोबर होतं. त्याला अजून ठरवायचं असेल, किंवा ठरवायचंच नसेल. पुढं ते पुन्हा बोलायला उठलं नाही.

जिन्यातला तो मुलगा अजून येतो. आता तो खालच्या पट्टीत बोलतो, सावकाश, घसा आवळून. दहा मिनिटं बोलला की आवाज बसतो, मग पाणी पितो. परवा कुणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणालं, "आता कसं छान बोलतोस!"